बंदूक, बालक आणि कुलूप

अमेरिकेतील अटलांटा शहरात काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला. आठ ते बारा वर्षे वयाच्या मुलांना दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत बसवण्यात आले. खोलीतील दोन खणांत पाणी उडवण्याची खेळण्यातली पिस्तुले होती आणि आणखी एका खणात खरे पिस्तूल. त्यातून गोळी सुटणार नाही याची तजवीज अर्थातच केलेली होती. मात्र कोणी चाप पुरेशा जोराने ओढला, तर त्याची नोंद करणारा दिवा लागावा अशी योजना होती. मुलांना कोणी काही सांगितले नव्हते. एकतर्फी काचेच्या पलीकडून मोठी माणसे पाहत होती.

एकूण २९ गट होते. त्यांपैकी २१ गटांना पंधरा मिनिटांच्या आत खरे पिस्तूल सापडले. त्यांतील १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. पिस्तूल सापडलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातले वाटले, किंवा खरे की खोटे हे ठरवता आले नाही. ‘पीडियाट्रिक्स’ या बालवैद्यकाच्या नियतकालिकात २००१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद वेगळीच होती. ज्यांनी पिस्तूल हाताळले वा चाप ओढला, त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितले की बंदुकीपासून सावध राहण्याविषयी त्यांना पूर्वी शिकवलेले होते.

म्हणजे ‘आमच्या मुलाला आम्ही सांगून ठेवले आहे’ हे वाक्य त्यांच्या घरोघरी बोलले गेलेले होते. आईवडिलांचा अंदाजही कामी आला नाही. ज्या मुलांना बंदुकीचे फारसे आकर्षण नाही असे पालकांना वाटत होते, तीही इतरांच्या बरोबरीने खणाकडे वळली.

अहिंसा हे ज्या घरांचे पहिले व्रत, त्या घरांना हा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या आजीच्या घरात बंदुकीचा उल्लेख तरी कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु व्यापारी कुटुंबांची पुढची पिढी आज न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात वाढते आहे. तिच्या शाळासोबत्यांच्या घरी काय आहे हे तिच्या घराच्या आचारावर अवलंबून नाही. आणि इकडे, महाराष्ट्रातल्या सराफी पेढ्यांच्या दारात दुनळी घेऊन बसलेला रखवालदार किंवा मालकाच्या नावावरचा रिव्हॉल्व्हरचा परवाना ही काही ऐकीव गोष्ट नव्हे.

अमेरिकेत मुलांना बंदुकीविषयी शिकवण्याचा सर्वांत प्रसिद्ध उपक्रम १९८८ साली फ्लोरिडात सुरू झाला. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेच्या मॅरियन हॅमर यांनी तो उभा केला. ‘एडी ईगल’ नावाचे एक गरुडाचे चित्ररूप पात्र लहान मुलांना चार गोष्टी सांगते: बंदूक दिसली की थांबायचे, हात लावायचा नाही, तिथून निघून जायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे. या चार गोष्टींत चूक काढण्यासारखे काही नाही. कोणत्याही भाषेतल्या आईने हेच सांगितले असते. पण त्याच फ्लोरिडा राज्याने पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, एक कायदा केला. भरलेली बंदूक मुलाच्या हाती पडेल अशी ठेवणाऱ्या मोठ्या माणसाला त्याने जबाबदार धरले. त्या देशातला या स्वरूपाचा तो पहिला कायदा. एकाच राज्यात, वर्षभराच्या अंतराने, एक बोट मुलाकडे वळले आणि दुसरे मोठ्यांकडे. पुढील पस्तीस वर्षांचा वाद या दोन बोटांमधलाच आहे.

मुलांना शिकवण्याचा उपयोग होतो की नाही, याचेही परीक्षण झाले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांना या चार पायऱ्या शिकवण्यात आल्या. मुलांनी त्या घडाघडा म्हणून दाखवल्या. नंतर त्यांच्या नकळत खोलीत बंदूक ठेवली गेली, तेव्हा पाठांतर उपयोगी पडले नाही. ज्या मुलांकडून प्रत्यक्ष सराव करून घेतला होता, तीही खऱ्या प्रसंगी अडखळली. परिणाम दिसला तो एकाच पद्धतीने: मूल चुकले त्याच क्षणी शिक्षक आत आला आणि त्याच जागी, त्याच बंदुकीसमोर, त्याने तिथून निघून जाऊन सांगण्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला. पाठशाळेत सूत्रे शिकवणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. तोंडपाठ असणे आणि अंगवळणी पडणे यांतले अंतर त्यांना रोजच दिसते.

शिकवणे व्यर्थ आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली मांडलेला अभ्यास आशादायक आहे. आठ ते बारा वर्षांच्या सव्वादोनशे मुलांपैकी अर्ध्यांना गणवेशातील पोलीस प्रमुखाने बंदुकीच्या सुरक्षेविषयी सांगितलेली एक मिनिटाची चित्रफीत दाखवली. उरलेल्यांना मोटारीतल्या सुरक्षेची. आठवड्याने मुले जोडीजोडीने प्रयोगशाळेत खेळायला आली. तिथे एका खणात निकामी केलेली पिस्तुले होती. मोटारीची फीत पाहिलेल्यांपैकी शंभरात सुमारे ६७ मुलांनी पिस्तुलाला हात लावला. बंदुकीची फीत पाहिलेल्यांपैकी सुमारे ३९. चाप ओढणाऱ्यांचे प्रमाण तिसाच्या आसपास होते, ते नवावर आले. एका मिनिटाच्या बोलण्याने इतका फरक पडत असेल, तर ते मिनिट वाया घालवू नये. पण व्यापारी मनुष्य याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनेही पाहील: शिकवलेल्या शंभर मुलांपैकी ३९ जणांनी हात लावलाच. पेढीवर इतका तोटा कोण सोसेल?

शारीरिक बळाविषयीचा गैरसमजही घातक आहे. चाप ओढायला मोठ्यांचा हात लागतो, असे अनेकांना वाटते. लहान मुलांच्या बोटांची ताकद मोजली गेली आहे. दोन्ही हातांच्या बोटांनी जोर लावला तर तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश आणि सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी बहुतेक सर्व जण सर्वसाधारण पिस्तुलाचा चाप ओढू शकतात.

परदेशात राहणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न खरे तर आपल्या घरातल्या बंदुकीचा नसतो. तो असतो शेजारच्या घरातल्या बंदुकीचा. मूल मित्राच्या वाढदिवसाला जाते, शनिवारी रात्री मैत्रिणीकडे राहायला जाते. अशा वेळी जैन माता काय काय विचारते हे त्या गावातल्या यजमानांना चांगले ठाऊक असते. केकमध्ये अंडे आहे का? जिलेटिन घातले आहे का? सूपमध्ये कांदा, लसूण, बटाटा काही आहे का? मूल सूर्यास्तापूर्वी जेवते, तेव्हा त्याला लवकर वाढता येईल का? सुरुवातीला हे प्रश्न विचारताना जीभ अडखळते. पुढे सवय होते, आणि बहुतेक यजमान मनापासून उत्तरे देतात. ‘घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का’ हा प्रश्न मात्र तीच माता विचारत नाही. तो उद्धट वाटतो. समोरच्याच्या घरावर संशय घेतल्यासारखा वाटतो. अंड्याच्या बाबतीत जो संकोच तिने केव्हाच ओलांडला, तो इथे पुन्हा आडवा येतो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, हाच संकोच मोडण्यासाठी २००० सालापासून ‘आस्क’ या मोहिमेला साथ दिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले एकमेकांच्या घरी जाऊ लागतात, म्हणून २१ जून हा दिवस त्यासाठी मुक्रर आहे. मूल जिथे खेळायला जाणार, तिथे कुलूप नसलेली बंदूक आहे का, एवढेच विचारायचे. डॉक्टरांचा सल्लाही थोडक्यात आहे. बंदूक नसलेले घर सर्वांत सुरक्षित. असेलच, तर ती रिकामी, कुलपात आणि काडतुसे निराळ्या कुलपात. ज्या मातेला हा प्रश्न सुटा विचारणे जड जाते, तिने तो खाण्यापिण्याच्या प्रश्नांच्या ओळीतच गुंफावा. अंडे, जिलेटिन, पाळलेला कुत्रा, पोहण्याचा तलाव, बंदूक. पाचवा प्रश्न चौथ्याच्या मागून सहज निघून जातो.

आता इकडचे पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार भारतात बंदूक बाळगणे हा हक्क नसून परवान्याने मिळणारी मुभा आहे. २१ वर्षांखालील व्यक्तीला तो परवाना मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लग्नकार्यात हवेत बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला. इतके निर्बंध असल्याने धोका कमी आहे, हे खरे. पण परवाना ज्याच्याजवळ आहे, त्याच्या घरातल्या मुलाच्या दृष्टीने देशातील इतर घरांत बंदूक नाही याला काही अर्थ नसतो.

सराफाच्या घरातली बंदूक बहुधा दिसतच नाही. ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून पडलेली असते. निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा करण्याचा निरोप येतो आणि मग ती बाहेर निघते. काही घरांत खंडेनवमीला पूजेसाठी काढली जाते. तिच्यावर हळदकुंकू वाहिले जाते, फूल ठेवले जाते, आणि घरातली मुले भोवती कोंडाळे करून उभी राहतात. एरवी निषिद्ध असलेली वस्तू वर्षातून एकदा पाटावर मांडलेली दिसते. तिला स्पर्शही करता येतो. मुलाच्या मनात तिचे स्थान त्या दिवशी पक्के होते. तिची जागाही त्याला त्याच दिवशी कळते, कारण पूजा उरकल्यावर ती कुठे गेली हे पाहणारे डोळे घरात असतातच.

मोठ्यांना मात्र वाटते की मुलांना जागा माहीत नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बंदूक असलेल्या घरांतील पालकांना आणि मुलांना वेगवेगळे विचारून पाहिले गेले. मुलाला बंदुकीची जागा माहीत नाही, असे ज्या पालकांनी सांगितले, त्यांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी ती माहीत असल्याचे सांगितले. मुलाने बंदूक कधी हाताळलेली नाही, असे म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्के पालकांना त्यांच्याच मुलांच्या उत्तराने खोटे ठरवले. सुट्टीत माळ्यावरचा लाडवांचा डबा शोधून काढणाऱ्या मुलांना वरचा कप्पा म्हणजे काय मोठेसे!

व्यापारी घराला कुलपाचे शास्त्र नव्याने शिकवावे लागत नाही. तिजोरीची किल्ली उशाखाली की कमरेला, ती कोणाच्या हाती द्यायची, गल्ला उघडा टाकून उठायचे नाही, रात्री कुलूप दोनदा ओढून पाहायचे, हे संस्कार घराण्यातून आलेले असतात. सोन्याला हात लावू नकोस असे मुलाला सांगून तिजोरी उघडी ठेवणारा सराफ अजून कोणी पाहिलेला नाही. मुलावर विश्वास नाही म्हणून तिजोरीला कुलूप नसते. कुलूप हा पेढीचा धर्म असतो. मग जी वस्तू सोन्याहून कितीतरी घातक आहे ती फडक्यात आणि कपाटावर का? कारण एकच. तिजोरी रोज उघडते, बंदूक वर्षानुवर्षे उघडत नाही. रोजच्या वापरातल्या वस्तूची शिस्त टिकते, विसरलेल्या वस्तूची टिकत नाही.

श्रावकाचाराच्या दृष्टीनेही हा विसर साधा नव्हे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला आरंभीच स्थान दिलेले आहे. प्राण गेला की नाही याच्याआधी सावधपणा सुटला होता का, हे तिथे पाहिले जाते. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले. कुऱ्हाड, तलवार, अग्नी यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे म्हणजे हिंसादान. आणि निष्काळजी वर्तन ही प्रमादचर्या. आत्मरक्षणासाठी गृहस्थाने केलेल्या विरोधाचा विचार परंपरेने संकल्पपूर्वक हिंसेहून वेगळा केला आहे. त्यामुळे परवाना घेणाऱ्या सराफाला लगेच दोषी ठरवण्याचे कारण नाही. परंतु खण उघडा ठेवणारा मनुष्य शस्त्र कोणाच्या हाती देत नसतो, तो केवळ विसरलेला असतो. आणि मुलाचा हात तिथे पोहोचला की त्याची प्रमादचर्या व हिंसादान यांच्यात फारसे अंतर उरत नाही.

मुलांशी बोलायचे कसे? सर्वांत लहानांसाठी चार पायऱ्या पुरेत, पण त्या करून घ्याव्यात, नुसत्या वदवून घेऊ नयेत. दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल इथे उपयोगी पडू शकते. फटाके न उडवणाऱ्या अनेक घरांत त्याला मात्र सवलत मिळते. त्यात ज्वाला नाही, जीव मरत नाहीत, असा युक्तिवाद असतो. पण दुसऱ्याच्या छातीवर नळी रोखून चाप ओढण्याची सवय हाताला लागते ती तिथेच. खेळण्यातलेही पिस्तूल माणसावर रोखायचे नाही, हा नियम घरात असावा. खरे कोणते आणि खोटे कोणते हे ओळखायला मुलांना शिकवू नये, हेही महत्त्वाचे. अटलांटातल्या निम्म्या मुलांना ते ओळखता आले नव्हते. कोणाच्या घरात, गाडीत वा दप्तरात पिस्तूल दिसले की ते खरेच धरून चालावे आणि निघावे.

थोड्या मोठ्या मुलांची अडचण निराळी असते. त्यांना नियम माहीत असतो, पण मित्र म्हणतो, ‘घाबरतोस काय?’ शिवाय चहाडी करू नये असे घरानेच त्यांना शिकवलेले असते. तेव्हा बंदुकीविषयी सांगणे ही चहाडी नव्हे, हे आधीच आणि स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. सांगणाऱ्या मुलाला त्या दिवशी एकही उलटा प्रश्न करू नये. ‘तू तिथे गेलासच कशाला?’ असे एकदा विचारले गेले की पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

बंदूक हातात घेऊनही मुले सुरक्षित राहू शकतात, हे कोल्हापूरच्या मातीने दाखवले आहे. २०१० मध्ये जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत, विश्वचषकात सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत आणि पॅरिसमध्ये २०२४ साली ऑलिंपिक कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे हे तिघेही त्या जिल्ह्याचे. त्यांच्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेक घरांतली मुले नेमबाजीकडे वळली, आणि या भागात जैन वस्ती मोठी असल्याने तिथल्या पालकांपुढेही प्रश्न उभा राहिला. कागदाच्या लक्ष्यावर नेम धरण्यात हिंसा आहे का, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. रेंजवरची शिस्त मात्र पाहण्यासारखी असते. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने. आज्ञा होईपर्यंत बोट चापाबाहेर. नेम चालू नसेल तेव्हा नळीत भडक रंगाची सुरक्षापट्टी घालून ठेवायची, म्हणजे बंदूक रिकामी असल्याचे दुरूनही दिसते. आणि मूल तिथे बंदुकीजवळ एकटे कधीच नसते. घरच्या कपाटातल्या बंदुकीजवळ ते एकटेच असते.

एका गोष्टीविषयी बोलणे सर्वांनाच जड जाते. २०२० साली अमेरिकेत एक ते एकोणीस वर्षे वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण बंदूक ठरली. त्यात खेळता खेळता झालेले अपघात थोडे होते. हत्या आणि किशोरवयीनांच्या आत्महत्या यांचा वाटा फार मोठा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला चार पायऱ्यांचा धडा काय उपयोगाचा? परीक्षेतले अपयश, मोडलेली मैत्री, वडिलांचा एखादा कठोर शब्द, अशा वेळी मनात आलेला काळोख कित्येकदा काही तासांत ओसरतो. कुलूप त्या तासांपुरते मध्ये उभे राहते. घरातले मूल खिन्न, गप्प, स्वतःत मिटलेले दिसू लागले, तर त्या काळापुरती बंदूक घरातून हलवावी. ती पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवता येते. आणि मुलाशी बोलावे, डॉक्टरांकडे न्यावे. भारतात टेलिमानसच्या १४४१६ आणि अमेरिकेत ९८८ या क्रमांकांवर कोणत्याही वेळी मदत मिळते.

राहिला प्रश्न कुलपाचा. आता अंकांच्या कुलपाच्या छोट्या पेट्या मिळतात आणि अनेक कुटुंबे त्या घेतात. घेतल्यावर पहिला अंक लावला जातो तो बहुधा थोरल्या मुलाच्या वाढदिवसाचा, कारण तो विसरत नाही. तो त्या मुलालाही पाठ असतो.